जुन्या स्पीकरचा आवाज बसला तर

नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच घरांत जुन्या स्टिरिओची जोडी अजून कपाटावर असते. आवाज बारीक झाला की आपण आधी व्हॉल्यूम वाढवतो. तेच नेमकं करू नका. अ‍ॅम्प्लिफायर ताणला की आवाज फाटतो आणि त्यात पहिल्यांदा ट्विटर, म्हणजे वरचा लहान स्पीकर, जळतो.

आधी बॅलन्सचं बटण मधोमध आहे का बघा. हसू नका, पोरांनी फिरवून ठेवलेलं असतं. मग सेट बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. बारीक आवाज दुसऱ्या बॉक्सकडे गेला तर दोष सेटमध्ये. त्याच बॉक्सला राहिला तर बॉक्समध्ये किंवा त्याच्या वायरीत. वायरीचं टोक काळं पडलेलं असेल तर तेवढं कापून नवी तार सोला.

दोन्ही बॉक्स वाजतात, पण ढोलकीचा दमच गेलाय? मग एका बॉक्सची लाल-काळी वायर उलटी लागली असणार. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाचा आवाज एकमेकांत जिरतो. बॉक्स सेटपासून सोडवा, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. सेलची अधिक बाजू लाल टोकाला, उणे काळ्या टोकाला, क्षणभरच टेकवा. मोठ्या स्पीकरचा पडदा पुढे उचलला तर जोडणी बरोबर. दोन्ही बॉक्स असेच तपासा.

आता पडद्याची कड बघा. जुना फोम बोट लावताच भुकटी होऊन पडतो. तेवढ्यासाठी अख्खा स्पीकर बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. मापाची नवी कड चिकटवता येते. पडदा चारी बाजूंनी सारखा, हलका दाबल्यावर आत खरखरलं, तर मात्र कॉइल घासतेय. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात दाखवतो. काहीच दाखवत नसेल, तर कॉइल किंवा आतली जोडणी तुटली.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती बहुधा आपल्या काळ्या मातीच्या धुळीची. सेटचा प्लग काढून बटणात कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. खोबरेल तेल घालू नका, धूळ अजून चिकटते.

आणि सेट चालू असताना वायरींना हात लावू नका. दोन टोकं एकमेकांना चिकटली, तर धडधाकट अ‍ॅम्प्लिफायरही जळतो.