छमछम बंद झाली, पण कोणाची?

आज जानेफळहून बोलतोय. वर्क फ्रॉम होम चालू आहे, मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

विषय आहे मुंबईचे डान्स बार. ग्रँट रोडचा 'टोपाझ', विलेपार्ल्याचा 'दीपा' ही नावं एकेकाळी मुंबईबाहेरही गाजली. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीने 'टोपाझ'मध्ये एका रात्रीत ९० लाखांच्या वर उधळले, अशी गोष्ट अजून सांगतात. खरं तर नाचणारीवर पैसे उधळणं मुंबईने शोधलं नाही. तमाशात दौलतजादा होताच. बारने त्याला एसी आणि हिंदी गाणी जोडली, एवढंच.

मग गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, म्हणाले की तरुण पोरं बरबाद होताहेत. १५ ऑगस्ट २००५ पासून बंदी आली.

हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं केलं आबांनी. ज्याचं घर बुडते, त्याले विचार." मी गप्प बसलो. तिचं चूक नाही.

पण कायद्यात एक मेख होती. थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट! मी दिवसभर कोड लिहितो. तोच नाच, पण हॉटेल महाग असेल तर चालेल, अशी अट मी टाकली असती तर रिव्ह्यूमध्येच परत आली असती. इथेही तेच झालं. २००६ साली हायकोर्टाने बंदी रद्द केली, १६ जुलै २०१३ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. सरकारने २०१४मध्ये काय केलं? सूटच काढली, बंदी सगळ्यांना! पुढे २०१६चा नवा कायदा आला आणि जानेवारी २०१९मध्ये कोर्टाने त्याच्या जाचक अटीही उडवल्या. टिप द्या, पण नोटा उधळायच्या नाहीत.

कागदावर बार जिंकले. पण ते जुने दिवस काही परत आले नाहीत.

आणि बायका? तेव्हा ७५ हजार बारबालांचा आकडा सांगितला जायचा. कित्येक जणी घरात एकट्या कमावत्या होत्या. २००५ ते २०१९, चौदा वर्षं. निकाल लागेपर्यंत त्यांचं नाचायचं वय निघून गेलं.

रात्री आईला विचारलं, "त्यांची घरं बुडाली, त्याचं काय?" या वेळी ती गप्प बसली.

तुमच्या घरी हा विषय काढून बघा. भेटू पुढच्या भागात!