चार दिवसांचा पाहुणा



घरातील वृद्ध माणूस गेले म्हणजे समाचारास येणाऱ्यांना शब्द सापडतात. त्यांचा स्वभाव, त्यांचे कष्ट, त्यांची एखादी लकब आठवते आणि बोलणे सुरू होते. परंतु ज्या घरातून चार दिवसांचे मूल गेले, त्या घरी बसून काय बोलावे? आठवण काढण्याजोगे काही नाहीच, असे आपण धरून चालतो आणि घाईने म्हणतो, "अजून वय आहे, दुसरे होईल." हे वाक्य मी स्वतः उच्चारले आहे, आणि तेही माझ्या धाकट्या भावाच्या घरी, येथे हैदराबादेत. भावजय काही न बोलता उठून आत गेली. भाऊ मात्र हळूच म्हणाला, "दादा, दुसरे होईल, पण हा झाला होता ना?"

मूल आठव्या महिन्यात झाले. चारही दिवस ते काचेच्या पेटीत होते. तिसऱ्या रात्री एका परिचारिकेने त्याच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. मृत्यू समीप असता असा बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. नारायणगुड्याच्या दफनभूमीत आम्ही त्याला ठेवले तेव्हा भावजय रुग्णालयातच होती. त्याच दिवशी तिला पान्हा फुटला. असे होईल हे तिला कोणी सांगून ठेवले नव्हते, आणि आम्हां पुरुषांना तर ते कित्येक आठवड्यांनी कळले.

माझी आजी संगमनेरकडच्या एका खेड्यात राहत असे. आपली मुले मोजताना ती नेहमी सात म्हणे. आमच्या मोजणीत सहाच येत, आणि आजीचे गणित कच्चे म्हणून आम्ही पोरे हसत असू. सातवे मूल बाप्तिस्म्यापूर्वीच गेले होते. अशी बालके स्वर्गाच्या उंबरठ्याबाहेर, 'लिंबो' नावाच्या ठिकाणी राहतात, हे मत धर्मपंडितांत शतकानुशतके चालत आले होते. तो श्रद्धेचा सिद्धांत कधीच नव्हता. पण खेड्यातल्या आईला हा भेद कोण समजावणार? अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहे, असे व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मपंडित-मंडळाने २००७ साली प्रसिद्ध केले. तोवर आजी राहिली नव्हती. आमच्या शेजारच्या हिंदू घरांतही तान्ह्या मुलाला अग्नी न देता पुरतात, आणि सुतकही मोठ्या माणसाइतके धरीत नाहीत. शोक लवकर आटोपावा, असा त्यामागे दयेचाच हेतू असेल. पण घर मोकळे झाले तरी आई मोकळी झालेली नसते.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचारांच्या अभावी तो दहा दिवसांत गेला. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यास निवर्तल्या. तो दहा दिवसांचा मुलगा म्हणजे एका थोर चरित्राचे निमित्त, अशा रीतीने मी हे सांगत असे. निमित्त सांगून झाले की मुलगा संपला, बोट सुटली! आता मला तसे सांगवत नाही. सातासमुद्रापलीकडे जाऊन त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ते दहा दिवस त्यांच्या मनातून गेले होते, असे कोण म्हणेल? हा मजकूर मी आता अर्ध्या वाक्यात उरकीत नाही.

बापाला तर कोणी विचारीतच नाही. भाऊ पुढल्या सोमवारी कामावर गेला. वार्ता न पोचलेल्या एका सहकाऱ्याने हसत विचारले, "काय, पेढे कुठे आहेत?" भाऊ खाली गेला, पेढे आणले आणि सर्वांना वाटले. "मुलगा झाला हे काही खोटे नव्हते," असे तो मला नंतर म्हणाला. मूल मृत जन्मल्यास, अथवा जन्मानंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत गेल्यास, केंद्र सरकारने २०२२ साली आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना साठ दिवसांची विशेष रजा मंजूर केली. दोनांहून कमी हयात अपत्ये असावीत, अशी तीत अट आहे. रजा दिली हे चांगलेच झाले. बाप त्या आदेशात नाही.

मूल तासभर जगले तरी जन्म आणि मृत्यू या दोन्हींची नोंद करावी, असा १९६९ चा कायदा आहे. रुग्णालयाकडून नोंद परस्पर गेली होती. नावाचा रकाना तेवढा रिकामा होता. भावासोबत मी महापालिकेच्या कार्यालयात गेलो. लेखनिकाने वर न पाहताच विचारले, "नाव घालायचे आहे का?" भावाने नाव सांगितले. (ते मी येथे सांगत नाही, ते घरचे आहे.)

दाखले घरी आणल्यावर भावजयीने ते बराच वेळ हातांत धरले. या खेपेस मी समाचाराचे काही बोललो नाही. एवढेच विचारले, "तो कोणासारखा होता?"

"बोटे लांब होती, दादा, ह्यांच्यासारखी. आणि जांभई देताना त्याचा एक डोळा आधी मिटायचा."

मग ती पाऊण तास बोलत होती. भाऊ मधून मधून तिची एखादी आठवण दुरुस्त करीत होता. चार दिवसांत पाहण्यासारखे इतके असते, हे मला ठाऊक नव्हते.