नोकरी लवकर सोडायची, पण राहायचं कुठे?

(डोंबिवलीतील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



‘पंचेचाळिशीत नोकरी सोडायची आहे, पैसे किती लागतील?’ असं हल्ली तिशीतली मुलं विचारतात. आमच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही. अठ्ठावन्न पूर्ण झाली की कंपनीच नारळ द्यायची. या मुलांना मी उलट विचारतो, राहणार कुठे? त्यांना वाटतं, काका विषय बदलतायत. पण हिशोब तिथूनच सुरू होतो.

विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ साली जुने आकडे चाळून सांगितलं, की साठलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे महागाईच्या मानाने ती रक्कम वाढवत नेली, तर पैसा तीस वर्षं पुरतो. त्यावरून ‘वर्षाच्या खर्चाच्या २५ पट’ हे सूत्र जगभर पसरलं. पण ते आकडे अमेरिकेच्या शेअर आणि रोख्यांचे. शिवाय पंचेचाळिशीत घरी बसणाऱ्याला पुढची चाळीस-पन्नास वर्षं काढायची असतात. म्हणून मी ३३ पट धरतो. हे काही शास्त्र नव्हे, सावध माणसाचा अंदाज आहे.

आता आकडेमोड करू. हातात येणारा पगार महिना १ लाख. खर्च ७० हजार, शिल्लक ३० हजार. वर्षाचा खर्च ८ लाख ४० हजार, त्याची ३३ पट म्हणजे सुमारे २ कोटी ७७ लाख. महागाई वजा जाता गुंतवणुकीवर ३ टक्के सुटतात असं धरलं, तर शून्यापासून तिथवर पोचायला चाळीस वर्षं लागतात. पंचविशीत सुरुवात केलेला माणूस पासष्टीला मोकळा होईल! तोच पगार ठेवून खर्च ५० हजारांवर आणा. शिल्लक ५० हजार होते आणि गाठायची रक्कम १ कोटी ९८ लाखांवर येते. वर्षं लागतात तेवीस. खर्चातले वीस हजार दोन्हीकडून काम करतात. शिल्लक वाढते आणि डोंगरही बुटका होतो. पगारवाढीने हे साधत नाही, कारण पगाराबरोबर राहणीही वाढते.

हे वीस हजार कुठून काढायचे? तूरडाळ, गॅस सिलिंडर, मोबाइलचा रिचार्ज डोंबिवलीत काय नि सांगलीत काय, फारसा फरक नाही. फरक पडतो तो जागेत, आणि माणसाच्या श्रमाच्या किमतीत. केंद्र सरकारही हेच मानतं. महागाई भत्ता देशभर एकाच दराने मिळतो, घरभाडे भत्ता मात्र शहर पाहून. एक्स वर्गातल्या मुंबई-पुण्याला मूळ वेतनाच्या ३० टक्के, वाय वर्गातल्या नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सांगली, सोलापूरला २० टक्के, बाकीच्यांना १०. स्वस्त शहर म्हणजे मुख्यतः स्वस्त जमीन, हे या तीन आकड्यांत आलं. श्रमाचं मात्र आपण सहसा बोलत नाही. स्वयंपाकाच्या मावशींना तिथे कमी पैसे द्यावे लागतात, हीसुद्धा आपली ‘बचत’च असते. ती हिशोबात धरताना थोडं अवघडलेलं बरं.

स्वस्त गावात आजच जाऊन बसलं, तर तिथला पगारही स्वस्त असतो. म्हणून कमवायचं पुण्या-मुंबईत, राहायचं जमेल तितकं आखडून, आणि खर्चायचं लहान शहरात. तुम्हा डोंबिवलीकरांना हे मी काय शिकवणार! तुमच्यापैकी कितीतरी घरांनी गिरगाव-दादर सोडून हेच केलं. फरकाचे पैसे जागेत वाचवले आणि वेळेत, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये लोंबकळत, फेडले.

ज्यांचं मुंबईच्या बाजूला स्वतःचं घर आहे, त्यांची गोष्ट वेगळी. भाडं नसल्याने महिन्याच्या खर्चात फार फरक पडणार नाही. त्यांचा फायदा घर विकण्यात आहे. जुनं घर विकून ठरलेल्या मुदतीत दुसरं घेतलं, तर त्यात घातलेल्या नफ्यावर कर लागत नाही. उरलेल्या नफ्यावर साधारण साडेबारा टक्के. करसल्लागाराला विचारून करा, पण करा.

मग कुठलं शहर? मला विचाराल तर मी मिरजेकडे बोट दाखवीन. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं. त्याभोवती डॉक्टर आले, औषधांची दुकानं आली, कर्नाटकातून रोगी येऊ लागले. त्यामुळे लहान शहर असूनही दुखण्यासाठी पुणं गाठावं लागत नाही. शिवाय रेल्वेचं जंक्शन. पन्नाशीनंतर शहराची पहिली परीक्षा हीच, की रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर किती मिनिटांत कुठे पोचता? इथे विम्याचं एक कलम वाचून ठेवा. काही कंपन्या लहान शहरातल्यांना हप्ता कमी लावतात, पण उपचार मुंबई-पुण्यात घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा तुमच्या गळ्यात घालतात. आणि नोकरी सोडली की कंपनीचा गटविमाही सुटतो. स्वतःचा विमा धडधाकट असताना, नोकरीत असतानाच काढायचा.

दुसरी परीक्षा पाण्याची. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी घेऊन रेल्वे धावली, ती याच मिरजेहून. म्हणून मिरज-सांगलीला पाण्याची ददात नाही, असं म्हणून मोकळे होऊ नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या घरांत शिरलं. तिथे स्वस्तात मिळालेला तळमजला पूररेषेच्या आत आहे का, हे दलाल आपणहून सांगत नाही. सोलापुरात वर्षानुवर्षं रोज नळाला पाणी आलेलं नाही. टाकी आणि टँकर खर्चात धरा.

स्वस्ताई टिकतेच असंही नाही. पुणं एकेकाळी पेन्शनरांचं गाव होतं. हिंजवडी उभी राहिली, एक्स्प्रेसवे झाला, आणि पेन्शनर आपल्याच गावात महाग झाले. समृद्धी महामार्ग इगतपुरीवरून मुंबईकडे निघाल्यापासून नाशिककडच्या जमिनीवर कोणाकोणाची नजर आहे, ते तुम्ही जाणताच. त्यामुळे भाड्याने राहून स्वस्ताईवर विसंबू नये. जायचं ठरलं की यथावकाश घर आपलं करावं.

अजून एक गोष्ट मुलं विचारत नाहीत. निवृत्ती कोणाची? नवरा पंचेचाळिशीत मोकळा होऊन सांगलीत पेपर वाचत बसतो. बायको आपली नोकरी, भिशीच्या मैत्रिणी, पाळणाघराच्या ताई सोडून येते आणि तिचा स्वयंपाक काही निवृत्त होत नाही. उलट दुपारचा चहा वाढतो. तिचा पगार थांबल्याची रक्कम वरच्या हिशोबात टाका. वीस हजारांची बचत कुठल्या कुठे जाते.

तेव्हा घर घेण्याआधी त्या गावात दोघांनी भाड्याने राहून पाहावं. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचाच होतो. करारातून सुटणारा तो बारावा महिना मे नसावा, आणि जुलै तर मुळीच नसावा.