उशिरा चाललेला राजपुत्र

हैदराबादेतील नामपल्लीचे नाव निघाले की प्रथम आठवते ते १९०७ साली उभारलेले रेल्वे स्थानक. परंतु त्याच परिसरात आणखी दोन स्थळे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. एक म्हणजे बागे आम आणि त्या बागेतील मुलांचे जवाहर बालभवन. दुसरे म्हणजे जवळचीच ‘ए. सी. गार्ड्‌स’ ही वस्ती. या नावातील ‘ए’ हे अक्षर आफ्रिकेचे आहे. निजामाच्या पदरी आफ्रिकी वंशाच्या घोडेस्वारांचे एक रक्षकदल होते. त्या स्वारांची बिऱ्हाडे येथे होती. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे ते दल इतिहासजमा झाले. वस्तीचे नाव मात्र टिकले. लग्नाच्या वरातीत मरफा वाजू लागला की अरबस्तान व आफ्रिका यांचा ठेका आजही या गल्ल्यांतून घुमतो.

तथापि, ठेका वंशावळ सांगत नाही. ‘माझे नाव कोठून आले?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याचे उत्तर देण्यास कथेकरी लागतो. नेमक्या याच प्रश्नावर पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात १९९५ साली एक चित्रपट निघाला. त्याचे नाव ‘केइता’, आणि दिग्दर्शक दानी कुयाते.

कथा एका सुशिक्षित, नागर कुटुंबाची आहे. मबो केइता हा शाळकरी मुलगा. एके दिवशी त्याच्या दारी जेलिबा नावाचा वृद्ध पाहुणा येतो. तो खेड्यातील परंपरागत कथेकरी आहे. आपल्याकडे गोंधळी, शाहीर आणि भाट मिळून जे काम करीत, ते त्या प्रदेशात हा एकटा करतो : राजकुळांचा इतिहास मुखोद्गत ठेवावयाचा आणि योग्य वेळी योग्य माणसाला तो सांगावयाचा. कुयाते हे घराणे तर केइता घराण्याचेच पिढीजात कथेकरी. जेलिबाची भूमिका दिग्दर्शकाचे वडील सोतिगी कुयाते यांनी केली आहे. पीटर ब्रुक यांच्या ‘महाभारता’त भीष्म झालेले नट ते हेच.

जेलिबा मबोला त्याच्या नावाचा उगम सांगू लागतो. तेराव्या शतकात मालीचे साम्राज्य स्थापन करणाऱ्या सुंजाता केइताची ती कथा आहे. राजाची राणी सोगोलोन ही कुबड असलेली, रूपाने हिणविली गेलेली स्त्री. तिच्या पोटी थोर राजा जन्मास येईल असे भाकीत झालेले असते. मुलगा जन्मतो, परंतु तो चालत नाही. कथेच्या प्रसिद्ध पाठात तो सात वर्षांचा होतो, तरी जमिनीवरून सरपटतच असतो. थोरल्या राणीला हे आयतेच फावते. एके दिवशी सोगोलोन तिच्याकडे स्वयंपाकासाठी गोरखचिंचेची पाने मागावयास जाते आणि उत्तर मिळते : माझा मुलगा मला पाने आणून देतो, तुझ्या मुलाला सांग की!

हे झाड हैदराबादकरांस परके नाही. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात गोरखचिंचेचा जो अवाढव्य वृक्ष आहे, ज्याला लोक ‘हाथियाँ का झाड’ म्हणतात, तो याच आफ्रिकी जातीचा. त्याच्या बुंध्याचा घेर पाहिला म्हणजे कथेचा पुढील भाग किती भव्य आहे हे उमगते. आईचे अश्रू पाहून मुलगा लोखंडी कांब मागवितो. अनेक पाठांत ती कांब त्याच्या भाराने धनुष्यासारखी वाकते. पण तो उभा राहतो. मग चार पाने खुडून आणण्याऐवजी तो सबंध झाडच मुळासकट उपटून आईच्या झोपडीपुढे आणून रोवतो.

येथवरची कथा ऐकून कोणीही सुखावेल. परंतु चित्रपट येथे थांबत नाही, कारण त्याचे खरे नाट्य मबोच्या घरात आहे. कथेत रंगलेला मुलगा अभ्यासात मागे पडतो. शाळेत एक उत्पत्ती शिकवितात, जेलिबा दुसरी सांगतो. शिक्षक रागावतात, परीक्षेच्या चिंतेने आई व्याकुळ होते, आईबापांत कलह माजतो. अखेर वृद्ध कथेकरी कथा अर्धीच ठेवून निघून जातो.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक मर्म ध्यानात येते. राजवाड्यातील लोक सुंजाताला मोजतात ते तो चालत नाही म्हणून. शहरातील लोक मबोला मोजतात ते तो वर्गात मागे पडला म्हणून. शतके लोटली, मापाची काठी बदलली. मापण्याची घाई मात्र तीच राहिली. दुसरे असे की, परंपरा म्हणजे केवळ थोरवी नव्हे. अपंग मुलाला हसणारी थोरली राणी हीही परंपरेतच आहे आणि सात वर्षे त्याला उराशी धरणारी सोगोलोनही परंपरेतच आहे. या दोघींपैकी कोणाचा वारसा चालवावयाचा, हे प्रत्येक घराला ठरवावे लागते.

मात्र दंतकथेत एक धोकाही आहे. मूल उभे राहिले म्हणून आईचे धैर्य सार्थ ठरले, असा तिचा अर्थ कोणी करील. जे मूल कधीच उभे राहणार नाही, त्याचे काय? याचे उत्तर आफ्रिकेतीलच दुसऱ्या एका चित्रपटात सापडते. सेनेगालचे दिग्दर्शक जिब्रिल जोप माम्बेती यांचा अखेरचा लघुपट त्यांच्या निधनानंतर १९९९ साली प्रदर्शित झाला. त्यात सिली नावाची मुलगी कुबड्यांच्या आधाराने डाकारच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकते. दांडगी मुले तिची कुबडी पळवितात. येथे चमत्कार घडत नाही; एक मित्र तिला पाठीवर घेतो आणि ती पुढे जाते.

मराठीने याच प्रश्नाला ‘श्वास’मधून उत्तर दिले. २००४ साली प्रदर्शित झालेल्या, संदीप सावंत दिग्दर्शित या चित्रपटास २००३ सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर हा मान मिळविणारा हा पहिलाच मराठी चित्रपट. कोकणातील आजोबा आपल्या नातवाला शहरातील रुग्णालयात आणतात. डोळ्यांच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रिया अटळ असते. प्राण वाचेल, पण दृष्टी जाईल. लोखंडी कांब नाही, भाकीत नाही. मग आजोबा काय करतात? शस्त्रक्रियेपूर्वी ते नातवाला गुपचूप बाहेर नेतात आणि जेवढे जग दाखविता येईल तेवढे दाखवितात. अरुण नलावडे व बालनट अश्विन चितळे यांनी साकारलेली ती नातवंड-आजोबांची जोडी मराठी प्रेक्षक विसरलेला नाही.

कायद्याने आपले पाऊल पुढे टाकले आहे. १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या अधिनियमात ते एकवीस झाले. शाळेचे दार त्याने उघडेल, हे खरे. परंतु त्या दारापर्यंत मुलाला पाठीवर कोणी न्यावयाचे आणि वाटेत त्याला कोणती कथा सांगावयाची, हे कायदा लिहून देऊ शकत नाही. ते काम घराचे आहे.

हैदराबादेने आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव अनेकदा भरविला; २०१७ सालचा विसावा महोत्सवही येथेच झाला. बागे आममध्ये खेळावयास येणाऱ्या मुलांत कोणी धावते, कोणी हळू चालते, कोणी आईच्या कडेवरून उतरत नाही. झाड उपटून आणणारा राजपुत्र त्यांच्यात असेल वा नसेल. सोगोलोनने मुलाला उराशी धरले होते ते झाड अंगणात येण्यापूर्वी, हे मात्र विसरता कामा नये.