अंगात बसलेलं दुःख
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



घरी पाहुणे आले की आपण त्यांना अजिंठ्याला नेतो. पद्मपाणी दाखवतो आणि संध्याकाळपर्यंत शहरात परततो. पुढच्या खेपेला सोळाव्या लेण्यात थोडं थांबा. तिथल्या एका चित्राला 'मरणासन्न राजकुमारी' म्हणतात. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याने संसार सोडला, ही बातमी त्याच्या बायकोला, सुंदरीला, कळली तो हा क्षण. तिची मान कलली आहे, पापण्या अर्धवट मिटल्या आहेत, हाताची बोटं सैल पडली आहेत. एकीने मागून तिला सावरून धरलं आहे. दुसरीने तिचा हात धरला आहे, नाडी लागते का ते चाचपावं तसा. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने दुःख मानेतून आणि बोटांतून दाखवलं, आणि लगेच त्या देहाभोवती दुसऱ्यांचे हात काढले. सव्विसाव्या लेण्यात बुद्धांचं महापरिनिर्वाण आहे. सुमारे 7 मीटर लांबीची ती पहुडलेली मूर्ती सगळे बघतात. तिच्या खाली बसलेली शोकाकुल माणसं मात्र नजरेतून निसटतात. कुणाची मान खाली गेली आहे, कुणी डोकं हातावर टेकवलं आहे. आजही रुग्णालयाच्या व्हरांड्यात माणसं अशीच बसलेली दिसतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आखडलेली मान, भरून आलेले खांदे, न वळणारी पाठ हे माझं रोजचं काम. फुलंब्री, गंगापूर, वैजापूर भागातून बायका येतात. मान दुखते म्हणतात. एक्स-रे बघावा तर त्यात काही नसतं. मग मी श्वास बघते. पोट हलत नाही, फक्त गळ्याजवळची हाडं वर-खाली होतात. खांदे कानांकडे ओढलेले असतात आणि दातावर दात घट्ट बसलेले. मी पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, "बाई, श्वास घ्यायचं राहू द्या, आधी नुसता सोडा." कितीतरी वेळा त्या सोडलेल्या श्वासाबरोबर हुंदका येतो. मग कळतं की घरातलं कुणीतरी गेलं आहे. कधी नवरा, कधी तरणा मुलगा, आणि आपल्या मराठवाड्यात तो कसा गेला हे पुष्कळदा विचारावंही लागत नाही. प्रत्येक मानदुखी शोकाची असते असं मी म्हणणार नाही. पण शोक शरीरात उतरतो, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

वैद्यकशास्त्रही आता हेच सांगतं. 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी हृदयाच्या एका विकाराचं वर्णन केलं. जबर मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि त्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचं 'ताकोत्सुबो' हे नाव विकाराला मिळालं. तो जास्त करून पाळी गेलेल्या बायकांत आढळतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की जिवलग माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका नेहमीच्या सुमारे 21 पट असतो. सुतकाच्या घरी जाताना हा आकडा लक्षात ठेवा. गेलेल्याच्या अंत्यविधीची तयारी चाललेली असते, तेव्हा राहिलेल्याच्या गोळ्या चुकतात, पाणी प्यायचं राहून जातं, आणि छातीत कळ आली तरी ती दुःखाचीच समजली जाते.

आता आजच्या विषयाकडे, दुःख हलकं करू पाहणाऱ्या उपचारांकडे, येते. आपल्या शहरात रेकीच्या पाट्या दिसतात, प्राणिक हीलिंगचे वर्ग चालतात, बोटांनी चेहऱ्यावर आणि छातीवर टिचक्या मारून दुःख मोकळं करण्याची शिबिरं भरतात. माणसं तिथे जातात आणि बरं वाटलं म्हणतात. ती खोटं बोलत नाहीत. मग बरं कशाने वाटलं?

रेकी जपानची. मिकाओ उसुई यांनी 1922 च्या सुमारास ती सुरू केली. हातातून जीवनशक्ती वाहते आणि ती दुसऱ्याला देता येते, ही तिच्यामागची धारणा. अशाच धारणेवर अमेरिकेत परिचारिकांमध्ये एक पद्धत रुजली होती. रुग्णाच्या अंगापासून थोड्या अंतरावर हात फिरवून त्याचं ऊर्जाक्षेत्र सारखं करायचं. एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीने या पद्धतीची साधी परीक्षा घेतली. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. उपचार करणाऱ्याने पडद्याखालून दोन्ही तळहात पुढे करायचे. एमिली नाणं उडवून ठरवणार आणि त्यातल्या एका हातावर आपला हात धरणार, स्पर्श न करता. हात उजव्यावर आहे की डाव्यावर, एवढंच समोरच्याने सांगायचं. 21 जणांच्या मिळून 280 खेपा झाल्या. बरोबर उत्तरं 44 टक्के आली. डोळे झाकून अंदाज केला असता तरी निम्मी बरोबर यायला हवी होती. 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा शोधनिबंध आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

ही परीक्षा मला निर्णायक वाटते. जी ऊर्जा जाणवते म्हणून सांगितलं जातं, ती जाणवत नाही. पण म्हणून त्या खोलीत जे घडतं ते सगळं टाकाऊ ठरत नाही. तासभर कुणीतरी तुमच्याकडेच लक्ष देतं. खोली शांत असते. तुम्ही डोळे मिटून आडवे होता. बऱ्याच ठिकाणी कपाळावर, खांद्यावर हात ठेवलाही जातो. सावकाश, हलक्या स्पर्शाला उत्तर देणारे खास मज्जातंतू आपल्या त्वचेत असतात. सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर, म्हणजे आई बाळाच्या अंगावरून हात फिरवते त्या गतीला, ते सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. श्वास लांब सोडला की हृदयाची गती किंचित उतरते, हे तर मनगटावर बोट ठेवून आत्ता तुम्हालाही कळेल. स्पर्श, संथ श्वास, वेळ आणि रडायची मुभा. यातली एकही गोष्ट विकत घेण्याची नाही, आणि एकही परदेशी नाही.

जात्याचंच बघा. पहाटेचा अंधार, पुरुष झोपलेले. दोघी समोरासमोर बसलेल्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. अंग पुढे जातं, मागे येतं, पुन्हा पुढे जातं. ओवी म्हणायची तर श्वास लांब सोडावाच लागतो. आणि म्हणायचं काय, तर मेलेली आई, न आलेला भाऊ, सासरचा जाच. दिवसा उजेडी जे बोलता येत नव्हतं, ते दळणाबरोबर बाहेर पडत होतं, आणि दळण सरलं की उठून चुलीला लागायचं होतं. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी 1980 च्या दशकापासून गावोगावी जाऊन या ओव्या टिपून घेतल्या. त्या संग्रहात आज लाखाहून अधिक ओव्या आहेत. 1999 मध्ये युरोपातल्या श्ट्रोबे आणि शूट या अभ्यासकांनी मांडलं की निरोगी शोक एका जागी राहत नाही. माणूस काही वेळ दुःखात असतो, काही वेळ कामात, पुन्हा दुःखात. हा झोका चालू राहिला की माणूस सावरतो. जात्यावर तो रोज पहाटे चालत होता. गिरणी आली, बायकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. ते उतरायलाच हवं होतं, मी जात्याचं गुणगान करायला उभी नाही. पण रडायची ती जागाही गेली आणि तिच्या बदल्यात आपण काही दिलं नाही.

पुरुषांचं तर त्याहून अवघड. खांदा द्यायचा, मडकं धरायचं, पैठणच्या घाटावर डोकं भादरून गोदावरीत बुडी मारायची आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत उन्हात उभं राहायचं. दहा दिवस देहाला काहीतरी करायला दिलेलं असतं. अकराव्या दिवसानंतर काय? मग वारी आठवते. पैठणहून नाथांची पालखी निघते. घरात मरण झालेली किती माणसं त्या वाटेने चालत असतील! दिवसभर पायी चालणं, टाळाचा ठेका, मुखी नाम, एकमेकांच्या पाया पडणं, उराउरी भेटणं. एरवी आपल्याकडे एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला मिठी मारून रडू शकेल, अशा जागा किती आहेत? मोहरमच्या मातमात छातीवर पडणारा हातही शोकालाच वाट करून देतो.

पण आपल्याकडचं सगळंच सोनं होतं असं नाही. नवरा गेला की त्याच देहावर परंपरेने काय केलं? बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली, आणि हे सगळं चारचौघांत, ती अर्धमेली असताना. फुटलेल्या बांगडीची काच मनगटात घुसलेली मी पाहिली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो महिना. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. शोकातल्या बाईच्या आरोग्यासाठी अलीकडच्या काळात महाराष्ट्रात झालेलं हे मला सगळ्यात मोठं काम वाटतं. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने तो ठराव करावा आणि पाळावा.

दुसरी एक सवय सोडायला हवी. बाई रडली नाही की म्हाताऱ्या म्हणतात, "रडवा तिला, नाहीतर छातीत बसेल." मग तिला हलवतात, मढ्यापाशी ओढतात. आजची काही शिबिरंही तेच करतात, मोठमोठ्याने संगीत लावून, ओरडायला लावून. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांनी वर्षानुवर्षं शोकग्रस्तांचा अभ्यास केला. न रडता सावरणारी माणसं पुष्कळ असतात आणि ती आजारी नसतात, असं त्यांना आढळलं. ज्याचं त्याचं शरीर आपल्या वेळेने सैल होतं. आपण फक्त जवळ असावं.

तर, ज्यांना रेकीसारख्या उपचारांना जायचं आहे त्यांनी खुशाल जावं. तिथे शांत वाटत असेल तर तेवढी फी देण्यात काही वावगं नाही. मात्र कुणी रक्तदाबाच्या किंवा मनाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, गेलेल्याचा आत्मा तुमच्यात अडकला आहे म्हणून वेगळा खर्च सांगितला, नको असलेला स्पर्श केला, तर तिथून तडक उठावं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण झाली तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि दुखवट्याला जाणाऱ्यांनी तेराव्यानंतर जावं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी ते रिकामं होतं. जाताना सांत्वनाची वाक्यं जुळवत बसू नका. शेजारी बसा. "डोक्याला तेल लावून देऊ का?" असं विचारा. ती हो म्हणाली तर सावकाश लावा, नको म्हणाली तर चहा करा. पुरुष असेल तर त्याला शेताच्या बांधापर्यंत चालत न्या. चालताना माणूस बोलतो, कारण समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

काही दुःख एवढ्याने हलत नाही. सहा महिने उलटून गेले तरी दिवस ढकलता येत नाही, जेवण तुटलं आहे, गेलेल्याचा ध्यास सुटत नाही, अशा अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा मिळाली आहे. त्यावर उपचार आहेत. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलून दाखवलं तर मात्र सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी हलायचं. आपल्या शहरातल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा आकडा आत्ता इथेच मोबाईलमध्ये साठवा आणि घरी गेल्यावर गावाकडच्या एका माणसाला कळवा.