गुन्हा जन्मात नसतो : गुन्हेशास्त्र घरी बसून शिकणाऱ्यांसाठी
(हिंगोली जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने केलेले भाषण)



आपण धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, घरातील जुने देव्हारे विसर्जित केले. आता मुलांनी काय शिकावे, हा प्रश्न आपण मला विचारता. डॉक्टर, इंजिनियर, मास्तर ही उत्तरे आपणांस ठाऊक आहेत. मी आज एका वेगळ्या विद्येविषयी बोलणार आहे. तिचे नाव गुन्हेशास्त्र. गुन्हा का घडतो, तो कसा शोधला जातो, त्याला शिक्षा काय व्हावी आणि ज्याच्यावर तो घडला त्याचे पुढे काय होते, याचा विचार करणारे हे शास्त्र आहे. पदवीधराला ते गाव न सोडता, दूरशिक्षणाने शिकता येते.

हा विषय आपल्या हिंगोलीला परका नाही. १८३० च्या आगेमागे येथे निजामाच्या फौजेची छावणी होती. त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. गोरे अधिकारीही त्याच्याशी व्यवहार करीत. तो ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून कापड घेऊन येणाऱ्या एका व्यापाऱ्याची वार्ता लागताच त्याने, आपणच माल आणणार आहोत असे सांगून, साहेबाकडून परवाना मिळवला, वाटेत त्या व्यापाऱ्याचा खून केला आणि तेच कापड छावणीत उघडपणे विकले. मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या ठगावरील प्रसिद्ध कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीकत आली आहे.

पाहा, गुन्हेगार कोठे होता? तो पेठेत, पत असलेल्या दुकानात बसला होता. परंतु सरकारने त्यातून काय धडा घेतला? १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गोष्टीला जन्मठेप ठेवली. अधिकाऱ्यांनी ठगांच्या वंशावळी लिहून काढल्या. पुढे १८७१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणार, असा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ करण्यात आला. हा युक्तिवाद आपण ओळखलात ना? ज्या तर्काने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले, तोच हा तर्क. फक्त पोथीऐवजी सरकारी राजपत्रात छापलेला. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींच्या माथी तो शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. चोरी झाली की प्रथम पालावर जाणारी जीप आपण सर्वांनी पाहिली आहे.

म्हणून हे शास्त्र कोण शिकतो, याला महत्त्व आहे. जन्मावरून माणसाची किंमत न करणाऱ्याने ते शिकले पाहिजे. आपल्याकडे ती दृष्टी बुद्धांपासून आहे. कूटदंत सुत्तात राज्यातील लूटमार थांबविण्याचा उपाय सांगितला आहे. नुसत्या फाशीने आणि तुरुंगाने लूट थांबत नाही. शेतकऱ्याला बी द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या, असे तेथील पुरोहित राजाला सांगतो. अंगुलिमालाची कथा तर आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पतितांच्या व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेत तिचा समावेश केला. तो भिक्खू झाल्यावर भिक्षेस निघे, तेव्हा लोक त्याला दगड मारीत, हा भाग आपण सांगावयाचे विसरतो. शिक्षा भोगून परतलेल्या माणसाचे काय करावे, हा आजच्या अभ्यासक्रमातीलही एक मोठा प्रश्न आहे.

आता माझ्या स्वतःच्या एका पराभवाविषयी सांगतो. काही वर्षांपूर्वी या जिल्ह्यातील एका गावात आपल्या एका कुटुंबाचे घर व कडब्याची गंज रात्री पेटविण्यात आली. पीडितांच्या बाजूने मी उभा होतो. पंचनाम्याला पोलीस दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. तोवर घरच्या बायकांनी राख भरून उकिरड्यावर टाकली होती आणि नातलग येणार म्हणून ओटा सारवून घेतला होता. रॉकेलचा डबा कोणीतरी घासून ठेवला होता. आरोपी सुटले. त्या माउल्यांना दोष कसा देऊ? राखेला हात लावू नका, हे त्यांना सांगणारा एकही माणूस त्या वस्तीत नव्हता. मीही त्यापूर्वी कधी वस्तीत जाऊन ते सांगितले नव्हते.

खैरलांजीचे स्मरण करा. २००६ साली भंडारा जिल्ह्यात एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही तो लागला नाही. गुन्ह्यामागचा जातीय हेतू न्यायालयात सिद्ध करावा लागतो. त्याची सुरुवात पहिल्या फिर्यादीपासून, पहिल्या जबाबापासून होते.

आणि बौद्ध झालात म्हणून त्या कायद्याचे संरक्षण गेले, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत मान्यता मिळाली आहे. मात्र जातीचे प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही, आणि तो साठ दिवसांत पुरा व्हावा असा नियम आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क मात्र कायम आहे.

हे सर्व शिकावयाचे कसे? इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात फौजदारी न्याय या विषयाची पदव्युत्तर पदविका आहे. इतरही काही विद्यापीठे गुन्हेशास्त्र दूरशिक्षणाने शिकवितात. पैसे भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाला व त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षीची मान्यता आहे का, हे पाहा. नुसत्या जाहिरातीवर जाऊ नका. शिकविण्याचे माध्यम विचारून घ्या. स्वाध्याय मुदतीत लिहून द्यावे लागतात. आमची मुले परीक्षेला बसतात आणि येथेच अडकतात.

दुसरा एक धोका वकील म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. ही पदविका म्हणजे वकिलीची सनद नव्हे. दूरशिक्षणाने घेतलेली कायद्याची पदवी बार कौन्सिल मानीत नाही. त्यासाठी विधी महाविद्यालयात हजर राहावेच लागते. दहावी-बारावी न होता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्यालाही कायद्याला प्रवेश मिळत नाही. पुढे वकील होण्याची इच्छा असलेल्यांनी बारावी टाळू नये. मग पदविकेचा उपयोग काय, असे आपण विचाराल. पोलीस भरतीची, समाजकार्याची, कारागृह प्रशासनाची वाट धरणाऱ्याला ती बळ देते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील दर चार बंद्यांपैकी तीन बंदी कच्चे कैदी होते. त्यांचे अर्ज लिहून देणारे हात हवे आहेत. आणि वस्तीत राखेला हात लावू न देणारा एक माणूस तयार होतो, हा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो.

त्या जळालेल्या घरातील मुलगी आता पदवीधर आहे. दिवसा ती सोयाबीन काढावयास जाते आणि रात्री ही पुस्तके वाचते. इंग्रजी अडते, तेव्हा ती मला फोन करते. पुष्कळदा मलाही शब्दकोश उघडावा लागतो.

प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै सत्रांसाठी होतात. पुढच्या रविवारी सकाळी वंदनेनंतर मी विहारात बसणार आहे. ज्यांना अर्ज भरावयाचा आहे त्यांनी पदवीची गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र आणि दोन छायाचित्रे घेऊन यावे. मुलींना बरोबर आणावे.