मांजरीची पिल्ले : त्यांचे खाणे आणि पिसवा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण आळीत मांजरांची वर्दळ सर्वांत जास्त माझ्याच घरी, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला. लोणच्या-पापडांवर बोलायला सांगितले असते तर बरे झाले असते, असे आधी वाटले. मग मनात आले, दर पावसाळ्यात आपल्या घरांमागे किती पिल्ले मरतात! आणि आपण "वाचायची नव्हती" म्हणतो व मोकळ्या होतो.

आपला हा धानाचा मुलूख. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वैनगंगेपलीकडे आरमोरी, कुठेही जा, घरात धानाची पोती आहेतच. धान तेथे उंदीर, आणि उंदरामागे साप. तेव्हा मांजर ही आपल्याकडे हौस नाही, घरची गरज आहे.

गेल्या श्रावणात आमची मांजर गाडीखाली सापडली. मागे चार पिल्ले. डोळे नुकते उघडलेले, म्हणजे आठ-दहा दिवसांची. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, वाटीभर गाईचे दूध ठेव." आपण सगळ्या हेच करतो. पण गाईच्या दुधातली साखर पुष्कळ मांजरांना पचत नाही, त्याने ढाळ लागते, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाची ढाळ पुरेशी होते. शिवाय मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा जवळपास दुप्पट प्रथिने असतात. त्यात आपण पाणी घालून ते आणखी पातळ करतो! शेळीच्या दुधातही ती साखर असतेच. जनावरांच्या औषधांच्या दुकानात पिल्लांसाठी वेगळी दुधाची भुकटी मिळते, ती आणवावी. महाग आहे, पण महिनाभरच लागते.

पाजण्याची रीत नीट लक्षात ठेवा. पिल्लू गार असेल तर आधी ऊब द्यावी, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही. आमचे एक पिल्लू सापडले तेव्हाच गार पडलेले होते, ते त्याच रात्री गेले. बाकीच्या तिघांना गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीत दिली. पाजताना तान्ह्या बाळासारखे उताणे धरू नये, दूध फुप्फुसात जाते. पोटावर, जसे ते आईजवळ पिते तसे ठेवावे, आणि सुई काढलेल्या पिचकारीने थेंब थेंब द्यावे. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झाले की ओल्या कोमट कापसाने खालची जागा हलके पुसावी. आई चाटते म्हणून पिल्लाला शी-शू होते, त्याशिवाय होत नाही. हे पुष्कळ जणींना माहीत नसते. वजन रोज १० ते १५ ग्रॅम वाढले की समजावे, ठीक चालले आहे. मी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलत होते. दुकानदार हसायचा, हसू द्या.

चार आठवड्यांनंतर घट्ट खाणे. येथे आमच्या घरी खरी अडचण आली. आमच्याकडे माळकरी घर, अंड्याचे टरफलही चालत नाही. पण मांजराला नुसत्या दूध-पोळीवर ठेवले तर त्याचे डोळे जातात, हृदय दुबळे होते. मांसातला टॉरिन नावाचा एक घटक त्याला बाहेरूनच मिळावा लागतो. हे मी सासूबाईंना सांगितले. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या मडक्यात कर, आणि माझ्या डोळ्यांसमोर नको." तसे केले. उकडलेले अंडे, तलावातली काटे काढलेली मासळी, थोडा मऊ भात. कांदा-लसूण मुळीच नको, तो मांजराला विष आहे. बाजारातली सुकट खारट असते, भिजवून पाणी फेकल्याशिवाय देऊ नये.

आता पिसवा. ओल्या पांढऱ्या फडक्यावर पिल्लाच्या अंगातले काळे कण झाडावेत. ते लाल पसरले तर पिसवा आहेत, कारण ते कण म्हणजे प्यायलेले रक्तच. लहान पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या दिसू लागल्या तर उशीर करू नका, सरळ जनावरांच्या दवाखान्यात न्या. पिसवांनी पिल्ले खरोखर मरतात. उवांच्या बारीक फणीने विंचरावे आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. पण अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी गळून तणसात, गोणपाटात, जमिनीच्या भेगांत पडतात, तेथेच अळ्या होतात. म्हणून अंथरूण कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावे, भेगा बुजवून सारवावे. उन्हाळ्यात आपल्या चंद्रपूरचे ऊन एवढे एक काम चांगले करते.

आणि कृपा करून फिनेल, रॉकेल, डांबरगोळी, शेतातली पावडर यांपैकी काहीही अंगाला लावू नका, मांजर ते चाटते. कुत्र्याचे पिसवांचे औषधही नको. पुष्कळांत परमेथ्रिन असते, कुत्र्याला ते चालते, मांजराला झटके येतात. आमच्या ओळखीच्या एका घरी धडधाकट बोका असाच गेला. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे काही दिसले तर ते जंत. पिसू गिळल्याने ते होतात, त्याचे औषध दवाखान्यातून वेगळे घ्यावे.

कोणी विचारतात, या पिसवांनी प्लेग होतो का? प्लेग मुख्यतः उंदरावरची पिसू पसरवते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत ते दाखवून दिले. मात्र मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक गोष्ट. मोहफुले वेचताना किंवा तेंदूच्या हंगामात मुलांना झुडपात पिल्ले सापडतात, ती उचलून आणतात. ती रानमांजराची किंवा वाघाटीची असू शकतात. आई जवळपासच शिकारीला गेलेली असते. घरी आणणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मुलांना हात लावू देऊ नका, आणि आई परतलीच नाही असे दिसले तर वनरक्षकाला कळवा.